अडतीस गुडघ्यांची मोजणी

इमारतीला लिफ्ट बसवावी की नाही, हा विषय समितीच्या सभेत सहा वेळा निघाला होता आणि सहाही वेळा ‘पुढील सभेत सविस्तर विचार करावा’ असा सविस्तर विचार करून मिटवला गेला होता. सातव्या सभेत चौथ्या मजल्यावरचे मोजणीदार बोलायला उभे राहिले. बसूनही बोलता आलं असतं. पण जमीनमोजणीच्या खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला उभं राहिल्याशिवाय आपलं म्हणणं सरळ रेषेत मांडता येत नाही.

म्हणणं साधं होतं. त्यांच्या बायकोचे दोन्ही गुडघे झिजले होते. हाडांच्या डॉक्टरबाईंनी जिना टाळायला सांगितलं होतं, आणि चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने जिना टाळायचा म्हणजे जगच टाळायचं. चार महिने ती खाली उतरली नव्हती. रस्त्यापलीकडच्या इमारतीत तळमजल्यावर तिची धाकटी बहीण राहत होती. तिचे गुडघेही त्याच घराण्यातले, त्यामुळे ती वर येऊ शकत नव्हती. रोज संध्याकाळी पाच वाजता एक जण वर गॅलरीत आणि दुसरी खाली दारात खुर्ची टाकून बसे, आणि एकमेकींकडे बघत दोघी फोनवर बोलत. मध्ये एखादा ट्रक येऊन उभा राहिला की बोलणं थांबे. ट्रकचा फोनशी काही संबंध नसतो हे दोघींनाही ठाऊक होतं, पण न दिसणाऱ्या माणसाशी भांडण्यात मजा नाही, असं त्यांचं मत होतं.

समितीचे अध्यक्ष तळमजल्यावरचे निवृत्त अधीक्षक होते. अभिलेख कार्यालयात त्यांची हयात गेली होती. अभिलेख कार्यालय म्हणजे जिथे कागद जपून ठेवतात ते ठिकाण, आणि कागद जपण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे तो कोणालाच न दाखवणं, हे त्यांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. लिफ्टचा खांब त्यांच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीला खेटून उभा राहणार होता. ही गोष्ट त्यांनी एकाही सभेत काढली नाही. ते तत्त्वाचं बोलत. जिना हा व्यायाम आहे, लिफ्टमुळे माणूस पांगळा होतो, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते म्हणताना त्यांची मान जराही हलत नसे, कारण गेली तीन वर्षं ते मानेला पट्टा लावून वावरत होते.

मोजणीदारांचं ऐकून झाल्यावर अधीक्षक म्हणाले, “भावनेवर लिफ्ट बसत नाही, मोजणीदार. गरज सिद्ध करा. लेखी, मजलानिहाय.”

दुसरा कोणी असता तर हा नकार आहे हे त्याला कळलं असतं. मोजणीदारांना त्यात फक्त ‘मोजणी’ ऐकू आली. सेवानिवृत्तीला सात महिने झाले होते आणि या सात महिन्यांत त्यांना कोणी काही मोजायला सांगितलं नव्हतं. ते होकार देऊन बसले. बसताना त्यांना समाधान वाटलं. बायकोला घरी येऊन सांगितलं तेव्हा ती म्हणाली की आपणहून पायावर धोंडा पाडून घ्यायचा असेल तर निदान स्वतःच्या पायावर पाडावा, तिच्या नको.

पाहणीची पद्धत ठरवण्यासाठी मोजणीदार डॉक्टरबाईंकडे गेले. बाहेर बाकांवर चाळीसेक माणसं आपापला एक्स-रे मांडीवर घेऊन बसली होती आणि मधूनमधून तो उजेडाकडे धरून शेजाऱ्याला दाखवत होती. सत्तेचाळीसावा क्रमांक लागला. डॉक्टरबाईंनी पेशंट कोण म्हणून विचारलं, तेव्हा मोजणीदार म्हणाले, “इमारत.”

डॉक्टरबाई तरुण होत्या आणि घाईत होत्या, पण त्यांनी पेन खाली ठेवलं. मोजणीदारांनी सगळं समजावलं, आणि मग एक प्लास्टर कापणं आणि दुसरं घालणं यांच्यामधल्या अकरा मिनिटांत त्यांना जेवढं ज्ञान मिळालं तेवढं त्यांनी वहीत उतरवून घेतलं. अंगठा आणि पुढची दोन बोटं बधिर होत असतील तर आधी मनगट बघा, तिथे नस दाबली जाते. कंबरेतून निघालेली कळ गुडघ्याखाली पोटरीपर्यंत जात असेल आणि शिंकल्यावर वाढत असेल तर मणक्याजवळची नस. खांदा स्वतःला उचलता येत नाही आणि दुसऱ्याने उचलायचा म्हटला तरी उचलत नाही, तो आखडलेला खांदा. त्याला महिने लागतात. सकाळी सांधे तासाच्या वर ताठ राहत असतील तर ती झीज नव्हे, सूज, आणि ते माणूस लगेच माझ्याकडे पाठवा. जास्त दुखतो तो गुडघा डावा असेल तर काठी उजव्या हातात. शेवटी त्या म्हणाल्या की एक्स-रेवर विश्वास ठेवण्याआधी माणसाला विचारा, कारण कित्येकांची हाडं झिजलेली असतात आणि दुखत काहीच नाही, आणि कित्येकांचं उलटं. आणि कृपा करून कोणाला हातोडीने मारू नका.

मोजणीदारांनी सगळं लिहिलं. शेवटचं वाक्यही लिहिलं. मग बाहेर पडून त्यांनी समोरच्या दुकानातून रबरी हातोडी घेतली. शास्त्रीय पाहणीला एखादं तरी उपकरण हवं, नाहीतर लोक आदर करत नाहीत, हा त्यांचा शेतांच्या बांधांवरचा अनुभव होता. गुडघ्याचा कोन मोजायला त्यांनी लाकडाच्या दोन पट्ट्या मध्ये स्क्रू घालून जोडल्या आणि त्यावर अंश कोरले. हे काम इतकं सुबक झालं की त्यांनी ते बायकोला तीन वेळा दाखवलं.

मोजणीला शिस्त असते. आधी नोटीस, मग दोन पंच, मग मोजणी, मग सह्या. मोजणीदारांनी दहाही घरांना सात दिवस आधी नोटीस दिली, तिच्यात ‘मोजणीच्या वेळी संबंधितांनी आपल्या सांध्यांसह जातीने हजर राहावे’ असं लिहिलं. पंच म्हणून दर मजल्यावर समोरच्या घरातली दोन माणसं घ्यायची ठरली. हीच मोठी चूक होती. मोजणीच्या पंचांनी गप्प बसायचं असतं. गुडघ्याच्या बाबतीत गप्प बसणारा पंच अजून जन्माला यायचा आहे. एकाने गुडघा पुढे केला की दोघे आपले गुडघे काढून त्याच्या शेजारी ठेवत आणि कोणाचा जास्त वाजतो याची स्पर्धा लागे. बर्फ की गरम पाण्याची पिशवी, यावरून पहिल्या मजल्यावर दोन सख्ख्या जावांचं बोलणं बंद झालं. काठी दुखऱ्या बाजूलाच धरायची असते, यावर मात्र पहिल्यापासून चौथ्यापर्यंत एकमत होतं. डॉक्टरांचं म्हणणं उलट आहे हे मोजणीदारांनी सांगितल्यावर लोकांनी डॉक्टरांबद्दल सहानुभूती व्यक्त केली.

दुसऱ्या मजल्यावरच्या शिंप्यापाशी मात्र मोजणीदारांच्या हाती घबाड लागलं. शिंप्याच्या उजव्या हाताची बोटं वर्षभर बधिर होती, सुई हातात आहे की नाही हे त्याला बघून ठरवावं लागे. अधीक्षकांनी हे मानेचं आहे असं निदान केलं होतं आणि आपला जुना पट्टा त्याला देऊन टाकला होता. तेव्हापासून शिंपी मान ताठ ठेवून शिवत होता, त्यामुळे त्याला कापड दिसत नव्हतं, आणि इमारतीतल्या अर्ध्या लोकांच्या बाह्या लहानमोठ्या झाल्या होत्या. मोजणीदारांनी वही उघडली, कुठली बोटं ते विचारलं. अंगठा, त्याच्या शेजारचं आणि मधलं. करंगळी ठणठणीत. मोजणीदारांनी चष्मा काढून पुसला आणि मनगट, एवढाच शब्द उच्चारला. डॉक्टरबाईंनी तपासून मनगटाला झोपताना बांधायची पट्टी दिली, आणि तीन आठवड्यांत शिंप्याला सुई जाणवू लागली. ती टोचली तेव्हा तो आनंदाने चौथ्या मजल्यापर्यंत सांगायला आला.

यश माणसाला कुठे नेऊन ठेवील सांगता येत नाही. मोजणीदार जिन्यात भेटणाऱ्याच्या चालीकडे बघून मान डोलावू लागले. शेजारच्या इमारतीतली माणसं येऊ लागली. दूधवाल्याने बादली खाली ठेवून टाच दाखवली. बायको म्हणाली की लिफ्ट राहिली बाजूला, हा दवाखाना झाला. मोजणीदार म्हणाले की आकडे जमताहेत. बहिणीला फोनवर तिने सांगितलं की आकडे जमताहेत, आणि मग दोघी बराच वेळ नुसत्या एकमेकींकडे बघत बसल्या.

तिसऱ्या मजल्यावर बस चालवणारा ड्रायव्हर राहत होता. कंबरेतून डाव्या पायात कळ, शिंकलं की वाढते, सगळं वहीप्रमाणे. इथे मोजणीदारांना हातोडीचा मोह आवरला नाही. नस दाबली असेल तर पायाची उडी कमी येते, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि तुलनेसाठी त्यांनी आधी चांगला पाय घेतला. चांगला पाय फारच चांगला निघाला. पंचनाम्यात नोंद झाली ती अशी: ‘उजवा पाय – प्रतिक्षिप्त क्रिया उत्तम. टीपॉयची काच – निकामी. चहाचे कप – चार.’ दोन्ही पंचांनी सह्या केल्या. ड्रायव्हरच्या बायकोने सही केली नाही.

पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंचा खांदा आखडलेला होता आणि गुडघेही वाजत होते. मोजणीदारांनी कोन मोजायची पट्टी उलटी धरली आहे हे त्यांनी दाखवून दिलं, सरळ करून दिली, आणि सगळी मोजणी पुन्हा सुरुवातीपासून करायला लावली. ही मोजणीदारांच्या आयुष्यातली पहिली फेरमोजणी. त्यांनी ती मान खाली घालून केली.

अधीक्षकांचे गुडघे शेवटी ठेवले होते. अधीक्षक खुर्चीत ताठ बसले आणि त्यांनी पाय पुढे केला. तो पंच्याण्णव अंशांपर्यंत वाकला आणि थांबला. अजून थोडा, असं मोजणीदार नम्रपणे म्हणाले. अधीक्षकांनी सांगितलं की नोकरीत ते कोणापुढे कधी याहून जास्त वाकले नव्हते, आता निवृत्तीनंतर कशाला सुरुवात करायची. मोजणीदारांनी शेऱ्याच्या रकान्यात ‘स्वभाव’ असं लिहिलं.

इमारतीत चाळिशीच्या पुढची माणसं एकोणीस भरली, गुडघे अडतीस. मोजणीदारांनी रात्रभर नव्हे तर चक्क दिवसाउजेडी, जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरून मजलानिहाय तक्ता केला. सरासऱ्या काढल्या. पुन्हा काढल्या. मग कागद उलटा करून काढल्या. दर वेळी तेच येत होतं. तळमजल्यावरचे गुडघे सर्वांत वाईट. पहिल्यावरचे त्याहून थोडे बरे. दुसऱ्यावर बरे, तिसऱ्यावर चांगले, आणि चौथ्यावर, त्यांची बायको धरूनसुद्धा, इमारतीतले सर्वोत्तम. कारण समोरच्या घरातलं पोहणारं जोडपं पन्नाशीतही टाचा मांडीला लावत होतं. जितकं उंच राहावं तितका गुडघा चांगला. लिफ्टची गरज कोणाला असेलच तर तळमजल्याला होती, आणि तळमजल्याला लिफ्टने कुठेही जायचं नसतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मोजणीदारांनी तक्ता घडी घालून कपाटात ठेवला. त्यावर कपडे ठेवले. पण पाहणी पूर्ण झाल्याचं अधीक्षकांना कळलं होतं, त्यांनी वर निरोप पाठवला, तक्ता मागवून घेतला आणि खिडकीपाशी उभं राहून तो दोनदा वाचला. त्यांना इतकं समाधान कोणत्याच अभिलेखाने दिलं नव्हतं. येत्या रविवारच्या सभेत मोजणीदारांनी स्वतः हा तक्ता वाचून दाखवावा, असं त्यांनी फर्मावलं. आकडा फिरवावा असं मोजणीदारांच्या मनात आलं नाही असं नाही. एकदा आलं. पण ज्या हाताने आयुष्यभर बांधावरचा दगड इंचभरही सरकू दिला नाही, तो हात पेन्सिल घेऊन तक्त्यावर बराच वेळ नुसता टेकून राहिला, आणि मग त्यांनी पेन्सिलच मोडून टाकली. ती बायकोची हिशेबाची पेन्सिल होती, त्यावरून वेगळी बोलणी बसली.

बोलून झाल्यावर बायकोने तक्ता मागितला. तिने तो खालून वर वाचला.

“पाच महिने मी इथे बसून आहे,” ती म्हणाली, “आणि तुम्ही माझी सरासरी काढलीत.”

मोजणीदार म्हणाले की आकडे आकडे असतात.

“नर्सबाई पूर्वी कुठे राहत होत्या?”

“तिसऱ्यावर.”

“खाली का आल्या?”

मोजणीदारांनी तक्त्यातला पहिला मजला बोटाने शोधला.

“आणि अधीक्षक? या घरात कोण राहत होतं, अहो? या गॅलरीत कोणाची आरामखुर्ची होती? त्यांचं लोखंडी कपाट खाली उतरवताना तुमच्या पायाचं नख कुणामुळे गेलं?”

मोजणीदार खुर्चीत बसले. अकरा वर्षांपूर्वी त्यांचं घर तळमजल्यावर होतं आणि अधीक्षकांचं इथे. अधीक्षकांना जिना झेपेना, म्हणून दोघांनी घरांची अदलाबदल केली होती. शेजारधर्म म्हणून, हसतखेळत. अर्ज अधीक्षकांनी स्वतःच्या अक्षरात केला होता. ज्याचे गुडघे गेले तो खाली आला होता, ज्याचे टिकले तो वर राहिला होता. तळमजला गुडघे बिघडवत नव्हता, बिघडलेले गुडघे गोळा करत होता. मोजणीचा पहिला नियम, जो शिकाऊ उमेदवारालाही पहिल्या दिवशी सांगतात, तो म्हणजे आधी जुना नकाशा काढा. तुकडा आज कोणाच्या ताब्यात आहे ते मग. आणि या नियमात चुकण्यासाठी मोजणीदारांना त्यांचंच घर मिळालं होतं.

आता अदलाबदलीची नोंदवही हवी होती. ती अधीक्षकांच्या लोखंडी कपाटात होती. मोजणीदार खाली गेले. अधीक्षकांनी त्यांना बसवलं, चहा दिला, आणि अर्ज दोन प्रतींत करायला सांगितलं. अर्ज केला. त्यात प्रयोजन नमूद नव्हतं. नमूद केलं. प्रयोजन पुरेसं विशिष्ट नव्हतं. विशिष्ट केलं. मग अधीक्षकांनी सांगितलं की अर्ज रीतसर दाखल झाल्यापासून सात दिवसांनी वही पाहता येते. सभा पाच दिवसांवर होती. तुम्ही अदलाबदल गुडघ्यांसाठीच केली होती ना, असं मोजणीदारांनी उभ्या उभ्या विचारलं. अधीक्षक म्हणाले की आपल्या आठवणीप्रमाणे ती प्रशासकीय सोयीसाठी होती. हे म्हणताना त्यांनी खुर्चीतून उठण्यासाठी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवले होते.

रविवारी सभा नेहमीप्रमाणे अधीक्षकांच्या पुढच्या खोलीत भरली. ही खोली मोजणीदारांच्या बायकोची जुनी पुढची खोली. खिडकीपाशी, रस्त्याकडे तोंड करून ठेवलेली वेताची खुर्ची तिच्या काळातही तिथेच असे. मोजणीदारांनी तक्ता वाचला. शेवटी जुन्या राहत्या घरांबद्दल जे सांगायचं होतं ते सांगितलं, आणि अपेक्षेप्रमाणे अधीक्षकांनी त्याला पुरावा मागितला. नर्सबाई म्हणाल्या की त्या स्वतः पुरावा आहेत. अधीक्षकांनी तोंडी पुरावा ग्राह्य धरता येत नसल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. तक्ता मात्र लेखी आहे, सह्या आहेत, आणि त्यावरून जिना हे औषध असल्याचं सिद्ध होतं, असं इतिवृत्तात घ्यावं, असं ते सांगू लागले.

हे सगळं चालू असताना बाहेरून ठक्ठक् आवाज येत होता. थोडा वेळ थांबे, पुन्हा येई. कोणी नळ दुरुस्त करत असावं असं सगळ्यांना वाटलं. वीसेक मिनिटांनी आवाज दारापाशी आला आणि दारात मोजणीदारांची बायको उभी राहिली. काठी उजव्या हातात, घाम कपाळावर, चौसष्ट पायऱ्या मागे. ती कोणाकडे न बघता खोली ओलांडून खिडकीपाशी गेली आणि वेताच्या खुर्चीत बसली. बसताना तिने डोळे मिटले, ते जरा वेळाने उघडले. मोजणीदारांच्या हातातला तक्ता खाली पडला. गरज सिद्ध करायला आलेल्या माणसाची गरजच चौथ्या मजल्यावरून चालत खाली आली होती.

अधीक्षकांचा चेहरा उजळला. “बघा,” ते सभेला म्हणाले, “वहिनी उतरल्या की. जिना बाधला नाही.”

“उतरले,” ती म्हणाली. “चढायला मला मनाई आहे. आता मला वर कसं न्यायचं ते सभेने ठरवावं.”

सभेला ठरवण्याची सवय नव्हती. अधीक्षकांनी चटकन तोडगा काढला: चौघांनी खुर्चीसकट उचलावं. चौघं कोण, असा प्रश्न आला, आणि सगळे मोजणीदारांकडे बघू लागले, कारण इमारतीतल्या प्रत्येकाच्या अंगात काय उरलं आहे याची एकमेव नोंद त्यांच्याकडे होती. मोजणीदारांनी वही उघडली. ड्रायव्हर – कंबर, वजन उचलण्यास मनाई. शिंपी – मनगट. नर्सबाई – खांदा, नव्वद अंशांच्या वर जात नाही. तिसऱ्या मजल्यावरचे कॅशियर – उजवं कोपर, पेलाही डाव्या हाताने उचलतात. चौथ्यावरचं पोहणारं जोडपं पोहायला गेलं होतं. एकेक पान उलटत मोजणीदार शेवटच्या घरापर्यंत आले. अडतीस गुडघे आणि तेवढेच खांदे तपासून त्यांनी लिफ्टची गरज सिद्ध करायला घेतली होती. ती काही झाली नव्हती. पण या इमारतीत एक बाई उचलण्याजोगा माणूस हजर नाही, हे मात्र पंचांच्या सह्यांनिशी सिद्ध झालं होतं. कॉलेजातली दोन मुलं बोलावून आणली, त्यांनी खुर्ची उचलली, आणि ती जिन्याच्या पहिल्याच वळणावर अडकली. मोजणीदारांनी वळण शहाऐंशी सेंटिमीटर आणि खुर्ची, तिच्या हातांसकट, ब्याण्णव सेंटिमीटर असल्याचं सांगितलं. हे आधी का नाही सांगितलं असं बायकोने हवेतून विचारलं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

खुर्ची परत खिडकीपाशी आली. अधीक्षकांच्या पत्नीने न विचारता एक गादी काढली. त्या अबोल बाई होत्या. अकरा वर्षांत त्यांच्याकडे सभा आणि अर्जदार सोडून कोणी आलं नव्हतं. पाहुण्या किती दिवस राहणार हे त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी बहीण रस्ता ओलांडून आली. एकही पायरी नव्हती. दोघी पाच महिन्यांनी एका खोलीत बसल्या आणि पहिला तासभर भांडल्या, कारण साठलेलं पुष्कळ होतं. मग डॉक्टरबाईंनी दिलेला मांडीचा व्यायाम सुरू झाला: खुर्चीत बसून पाय सरळ करायचा आणि दहा आकडे मोजायचे. दोघी मोठ्याने मोजत. तिसऱ्या दिवसापासून अधीक्षकांच्या पत्नीही मोजू लागल्या. अधीक्षकांचं वर्तमानपत्र वाचन, दुपारची झोप आणि पुढच्या खोलीतला अधिकार या तीनही गोष्टी दहा आकड्यांच्या आत संपुष्टात आल्या. चौथ्या दिवशी त्यांनी वर लेखी पत्र पाठवलं: आपले कुटुंब आमच्या पुढच्या खोलीत आणखी किती काळ वास्तव्य करणार, याचा खुलासा व्हावा.

मोजणीदारांनी पत्र दोनदा वाचलं. मग, आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला न विचारता, त्यांनी उत्तर लिहिलं. लिफ्ट होईपर्यंत उभय घरांची तात्पुरती अदलाबदल करावी. आपण चौथ्या मजल्यावर यावे. जिना हे औषध असल्याचा उल्लेख इतिवृत्तात आहेच. कळावे.

उत्तर त्याच संध्याकाळी आलं. सरकारी कागदावरचं ते जुनं वळणदार अक्षर मोजणीदारांनी लगेच ओळखलं. ‘विषयांकित प्रस्तावास अनुसरून कळविण्यात येते की, उभय गुडघ्यांच्या झिजेमुळे मला जिना चढणे गेली अकरा वर्षे शक्य झालेले नाही. सबब प्रस्ताव मान्य करता येत नाही.’ खाली सही, तारीख, आणि सवयीने शिक्कासुद्धा. मोजणीदार कागद घेऊन गॅलरीत उभे राहिले. पत्राची पोच त्यांनी खाली पाठवून दिली. पत्र पाहणीच्या वहीत पहिल्या पानावर डकवलं.

पुढच्या रविवारी लिफ्टचा ठराव एकमताने मंजूर झाला. ते पत्र कोणी वाचून दाखवलं नाही. वही नुसती टेबलावर उघडी पडलेली होती. अधीक्षकांनी ठराव मांडला तेव्हा ते खिडकीकडे बघत होते, आणि त्यांची मान, पट्टा असूनही, किंचित झुकल्यासारखी वाटली. लिफ्टचा खांब त्यांच्या झोपायच्या खोलीपासून दोन फूट बाजूला घेता येईल का, असं मोजणीदारांनीच विचारलं आणि स्वतः मोजून येतो असं सांगितलं. अधीक्षकांनी चहा स्वतः उठून दिला, खुर्चीचे हात न धरता उठायचा प्रयत्न करून, दुसऱ्या खेपेला.

मोजणीदारांनी बायकोला जाऊन सांगितलं की झालं, ठराव झाला.

“लिफ्ट कधी होणार?”

“चौदा महिने म्हणतात.”

ती धाकटीकडे बघून हसली. चौतीस वर्षं सरकारी नोकराबरोबर संसार केला होता, चौदा म्हणजे किती हे तिला मोजावं लागलं नाही. “मग माझी उशी आणा वरून,” ती म्हणाली. “पातळ. जाड नको.”

मोजणीदार उशी आणायला निघाले. दुसऱ्या मजल्यापर्यंत ते मजेत होते. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, पाय उचलताना, उजव्या गुडघ्यातून एक बारीक, कोरडा आवाज आला. ते थांबले. पाय खाली ठेवला, पुन्हा उचलला. पुन्हा आला. इमारतीतल्या चाळिशीपुढच्या एकोणीस माणसांत त्यांनी स्वतःला धरलंच नव्हतं, हे त्यांच्या तिथे, कठड्याला धरून उभं असताना लक्षात आलं. खिशात कोनमापक होतं, पेन्सिल होती. जिन्यात पंच कोणीच नव्हता.

मोजणीदारांनी वर एकदा आणि खाली एकदा पाहिलं, आणि पंचांशिवाय केलेली मोजणी ग्राह्य धरता येत नसल्यामुळे उरलेल्या चोवीस पायऱ्या कठडा धरून चढले.